८ एचपीची होडीची मोटर घरीच उघडलीय, पावसाच्या आत जोडायचीय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात कृष्णेला लागून आमचं रान आहे. फायबरची एक लहान होडी आणि तिला ८ एचपीची जपानी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला बाहेरून अडकवायचं इंजिन आहे. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरी ओढून चालू करायची. नदी चढायला लागली की काठावरचे पंप वर घ्यायला, मळीच्या रानातली वैरण आणायला हीच होडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना औषधंसुद्धा हिनंच पोचवली. त्यामुळं जूनच्या आत मोटर चालू पाहिजे म्हणजे पाहिजेच.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मागच्या भोकातून पडणारी पाण्याची धार बारीक होत गेली, मोटर तापली आणि बंद पडली. थंड झाल्यावर सुरू व्हायची, पण ओढ राहिली नव्हती. आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेज लावून बघितलं तर खालच्या सिलिंडरला ११० पीएसआय, वरच्याला जेमतेम ७०. हेड काढलं. वरच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, एका बाजूला उभे ओरखडे आहेत आणि त्यावर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम चिकटल्यासारखं पांढरट दिसतंय. त्याच पिस्टनच्या रिंगा खाचेत घट्ट बसल्यात, बोटानं दाबून हलत नाहीत.

शेतीपंप, औषध फवारायचा पंप, जुनी टू-स्ट्रोक गाडी ही कामं मी घरीच करतो. आउटबोर्ड पहिल्यांदाच उघडलीय. बोअर मारावाच लागेल का? खालचा गिअरचा भाग सुटत नाही, एक बोल्ट जाम झालाय, त्याला काय करू? आणि बेळगाव-कोल्हापुरात मिळणारे कुठले सुटे भाग चालतात, कुठले कंपनीचेच घ्यावेत?

जुना_फिटर
भाऊ, निम्मं आयुष्य उद्यमबागेत लेथवर आणि इंजिनांवर काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरचंच सिलिंडर गेलं यातच सगळं आलं. या मोटरीत थंड करायचं पाणी खालून वर चढतं. खालचा पंप कमजोर झाला की पाणी वरपर्यंत पोचत नाही आणि वरचं सिलिंडर पहिल्यांदा तापतं. म्हणजे रोग खाली गिअरच्या डोक्यावर बसलेल्या रबरी इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकात आहे. वरचं इंजिन नवं करून खाली तोच इम्पेलर ठेवलात तर नवा पिस्टन पहिल्या पुरातच जाईल. त्यामुळं बोल्ट सोडवल्याशिवाय वरच्या कामाला हात घालू नका.

बोअरचं म्हणाल तर आधी ते पांढरं काढा. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल हातानं फिरवा. इंटरनेटवर अ‍ॅसिड लावायला सांगतात, ते करू नका. लाइनर बिडाचा असला तरी बाहेरचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, थेंब गेला तर ब्लॉक खाईल. पांढरं निघाल्यावर नखानं आडवं खरवडून बघा. नख अडकत नसेल आणि बोअर गेजनं माप वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं सारखं येत असेल तर होनिंग (भोक आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगांवर भागेल. नख अडकलं तर बोअरिंग, म्हणजे भोक मोठं करणं.

बोअरिंग करायचं ठरलं तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक दुकानात न्या. पिस्टन मिळेल या भरवशावर ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठं करून ठेवायचं आणि मग त्या मापाचा पिस्टनच मिळत नाही, असं झालं की ब्लॉक भंगारात. बोअरिंगवाल्याला पोर्टच्या कडा मारून द्यायला सांगा. टू-स्ट्रोकला सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. त्यांची कड धारदार राहिली तर रिंग तिथं अडकून तुटते. ज्यांनी आरएक्स-१०० चे ब्लॉक केलेत त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या गाड्या १९९६ पर्यंत बनत होत्या, त्यामुळं असे कारागीर बेळगावात आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अजून सापडतात.

मालवणी_वारा
जाम बोल्टाबद्दल मी सांगतो, आमच्याकडे खाऱ्या पाण्यामुळं हे रोजचंच. बोल्ट स्टेनलेसचा, घर अ‍ॅल्युमिनियमचं. पाण्यात दोन्ही धातूंची जोडी जमली की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि बोल्टाला आवळून धरतं. जोर लावलात तर बोल्टाचं डोकं तुटणार, मग ड्रिल, टॅप आणि सगळी वरात.

डब्ल्यूडी-४० किंवा दुसरं कुठलंही भेदक तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी घराला, म्हणजे बोल्टाच्या भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला, हीट गननं गरम करा. बोल्टाला गरम करायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं म्हणून फट पडते. जवळपास पेट्रोल, टाकी, पाइप काही नको. मग सहा बाजूंचा बॉक्स पाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, परत आवळायचं. चिर्र असा आवाज आला की समजा सुटायला लागलाय. परत बसवताना आट्यांना पाण्याला टिकणारं ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वर्षी हातासरशी निघेल.

एक विचारतो. मोटर नवी घेतली होती की किनाऱ्यावरून जुनी आणली? मच्छीमारांच्या बऱ्याच मोटरी रॉकेलवर चालणाऱ्या असतात. बाहेरून दिसायला त्याच, पण कॉम्प्रेशन कमी, हेड आणि पॅकिंग वेगळं. होडीला अडकवायच्या कंसावरच्या पट्टीवर मॉडेलचा पूर्ण कोड असतो तो बघूनच पॅकिंग सेट मागवा. नुसतं '८ एचपी' सांगून मागवलेला सेट हमखास चुकतो.

कृष्णाकाठ
वारा दादा, मोटर पेट्रोलचीच आहे, पट्टीवरचा कोड वाचता येतोय. तुमच्या पद्धतीनं बोल्ट सुटला! आवाज अगदी तुम्ही म्हणालात तसाच आला.

फिटर काका, तुमचं निदान बरोबर. खालचा भाग उतरवून पंपाचं घर उघडलं तर आत काळा गाळ थापलेला. इम्पेलरच्या सहापैकी दोन पाती बुडापासून तुटलेली, उरलेली एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली. तुटलेल्या रबराचा एक तुकडा वर जाणाऱ्या तांब्याच्या नळीत सापडला, दुसरा अजून सापडला नाही. पंपाच्या खालच्या स्टीलच्या पत्र्यावर बोटाला लागेल असा गोल चर पडलाय.

जुना_फिटर
दुसरा तुकडा सापडेपर्यंत पुढं जाऊ नका. तो नळीत नसेल तर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत किंवा थर्मोस्टॅटच्या (गरम झाल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेच्या) मागं असेल. थर्मोस्टॅटचं झाकण काढा, वरून स्वच्छ पाण्याचा पाइप लावून उलटं धुवा. गाळ मऊ करायला प्लॅस्टिकची काडी वापरा. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का तेही बघून घ्या. चर पडलेला पत्रा बदला, नाहीतर नवा इम्पेलरही पाणी नीट उचलणार नाही.

आता भागांचं. बेअरिंग आणि ऑइल सील बाहेरचे चालतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. त्याच मापाचा चांगल्या कंपनीचा माल बेळगावात मिळतो. मात्र क्रँकचा सील पेट्रोल आणि तेल दोन्हीला टिकणाऱ्या रबराचा आहे का ते विचारून घ्या, आणि बेअरिंगच्या नंबरापुढची अक्षरंही तीच पाहिजेत. ओ-रिंग बाहेरची चालते. प्लग चालतो, पण नंबर तोच हवा. बी७एचएस आणि बी७एचएस-१० यात फरक आहे. शेवटच्या १० चा अर्थ गॅप १ मिमीचा.

इम्पेलर, हेडचं पॅकिंग, पिस्टन, रिंगा, पिस्टनच्या पिनेला अडवणाऱ्या सर्क्लिपा आणि मॅग्नेटची (क्रँकवरच्या चुंबकाच्या चाकाची) अर्धचंद्र चावी, हे मात्र कंपनीचंच. इम्पेलर कुणी रबरी पत्र्यातून कापून देतो म्हणेल, घेऊ नका.

घाटमार्ग
हे भाग बेळगावात मागवून वाट बघण्यापेक्षा चोर्ला घाट उतरून गोव्यात किंवा आंबोलीतून मालवणला जाऊन आणा. तिथं मच्छीमार रोज आउटबोर्ड चालवतात, त्यामुळं इम्पेलर आणि पॅकिंग काउंटरवर मिळतं. जुना भाग पिशवीत घालून सोबत न्या.

ऊसमळा
पाण्यातल्या पंख्याची पिन तुटली तर एवढं धावायची गरज नाही. आम्ही बरोबर मापाचा खिळा कापून घालतो. वर्षानुवर्षं चाललंय.

मालवणी_वारा
ऊसमळा भाऊ, हे कृपा करून बंद करा. ती पिन मऊ धातूची मुद्दाम केलेली असते. पंखा दगडाला, ओंडक्याला किंवा बुडालेल्या कुंपणाला लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. खिळा तुटत नाही, त्यामुळं तो धक्का शाफ्टला आणि गिअरच्या दातांना बसतो. तुमच्याकडे पुरात ऊस, तारा, पंपाचे पाइप सगळं पाण्याखाली असतं, तिथं तर हे जास्तच. मूळ पिन स्वस्त आहे. दोन जादा पिना, एक स्प्लिट पिन आणि पक्कड होडीतच बांधून ठेवायची.

पंखा काढलाच आहे तर त्याच्यामागं शाफ्टवर बघा. नायलॉनच्या जाळ्याचा दोरा गुंडाळून सीलपर्यंत गेलेला असतो. तो सील कापतो आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं.

अथणीची_लेक
जाळ्याबरोबर केंदाळसुद्धा. आमच्याकडे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला इतकं साचतं की पाणी ओढायच्या जाळीवरच बसतं आणि धार बंद होते. धार बारीक झाली की मोटर लगेच बंद करायची, उचलायची आणि जाळी साफ करायची.

मला पेट्रोलबद्दल विचारायचंय. आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय. टू-स्ट्रोक मोटरीला चालतं का? आणि तेल कुठलं घालायचं? गावात टू-स्ट्रोक गाडीचं टूटी तेल सहज मिळतं.

जुना_फिटर
ताई, गाडीचं टूटी नको. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. होडीच्या मोटरीला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल घ्यायचं. ही मोटर नदीच्या गार पाण्यावर चालते आणि तासन्‌तास एकाच जोरावर पळते. गाडीच्या तेलातल्या राखेचा थर पिस्टनवर आणि प्लगवर बसतो, रिंगा चिकटतात. प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. नवीन पिस्टन-रिंगा टाकल्यावर पहिले १० तास २५:१, लिटरला ४० मिली. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

ई२० मधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि टाकीच्या तळातून मोटर नेमकं तेच ओढते, ज्यात तेल जवळपास नसतंच. जुन्या रबरी पाइपाला आणि हातपंपाच्या फुग्यालाही ते सोसत नाही, आतून सोलून कार्बोरेटरमध्ये कचरा जातो. पाइप आणि फुगा इथेनॉलला टिकणारे बसवा, लागेल तेवढंच मिश्रण करा, महिनाभर पडलेलं वापरू नका. काम संपलं की पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मोटर चालवायची, अर्थात पाण्यात ठेवूनच.

कृष्णाकाठ
दुसरा तुकडा थर्मोस्टॅटच्या मागंच होता. बोअरमध्ये नख अडकत होतं, म्हणून पिस्टन आधी मिळवला आणि मग वरचं सिलिंडर ०.५० नं बोअर करून आणलं. कारागिरानं पोर्टच्या कडा न सांगता मारल्या. खालच्याला नुसत्या रिंगा आणि होनिंग. आता क्रँककेस जोडायचीय. दोन अर्ध्या भागांच्या मध्ये पॅकिंग नाही, इथं लाल सिलिकॉन लावू का?

जुना_फिटर
लाल सिलिकॉन अजिबात नको, पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि तुकडे रीड व्हॉल्व्हवर (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेवर) जाऊन बसतात. पेट्रोलला टिकणारा अ‍ॅनेरोबिक (हवा नसलेल्या फटीत घट्ट होणारा) सीलंट घ्या, थिनरनं दोन्ही तोंडं पुसून कोरडी करा आणि एकाच तोंडावर पातळ रेघ ओढा. जुना सीलंट काढताना ब्लेडचा ओरखडा पडू देऊ नका. टू-स्ट्रोकला क्रँककेस हवाबंद असणं हा जीव आहे. पिस्टन खाली येताना तिथंच मिश्रण दाबलं जातं आणि वर ढकललं जातं. बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, आणि परत तेच पांढरे ओरखडे.

जोडणीतल्या ज्या जागा नवख्याच्या लक्षात येत नाहीत त्या सांगतो. पिस्टनच्या रिंगेच्या खाचेत एक बारीक खिळी असते, रिंगेची दोन टोकं तिच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत. ती सरकली तर टोक पोर्टमध्ये जाऊन तुटतं. बसवण्याआधी नुसती रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फीलरनं मोजा. ५० मिमीच्या आसपासच्या बोअरला ती साधारण ०.१५ ते ०.३५ मिमी असते. पिस्टनवरचा बाण किंवा खूण मॅन्युअलप्रमाणे ठेवा. सर्क्लिपा जुन्या परत वापरायच्या नाहीत, आणि त्यांचं उघडं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ द्यायचं नाही. बेअरिंगला अडकवणाऱ्या पिना आपापल्या भोकात बसल्यात का ते बोटानं चाचपा. एकही पिन बाहेर राहिली आणि बोल्ट आवळले तर केस चिरते.

बोल्ट मधून बाहेर, तिरपे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हातानं फिरवून बघायचा. कुठं जड लागलं तर तिथंच थांबायचं.

मॅग्नेट बसवताना क्रँकचा उतार आणि मॅग्नेटचं भोक कोरडं पुसून घ्या, तेल-ग्रीस काही नको. पकड त्या उताराची असते, चावी फक्त जागा दाखवते. उतार तेलकट राहिला तर चावी कातरते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं.

निपाणी_नाका
कार्बोरेटर विसरू नका. मोटर बरेच महिने पडली होती ना? तळाचं भांडं काढलं की पिवळसर चिकट थर दिसेल. जेट उलगडून क्लीनरमध्ये ठेवा आणि हवेनं फुंका. तार घालून भोक मोठं करू नका, नायलॉनचा एक धागा पुरतो. पायलट जेट (मंद चालीसाठी पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ नसेल तर मोटर सुरू होईल पण मंद चालणार नाही.

मालवणी_वारा
खालचा भाग चढवताना चार गोष्टी. इम्पेलरला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा आणि पंपाचं घर खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेनं फिरवत जा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतील. त्यानंतर शाफ्ट उलटा फिरवायचा नाही. तांब्याची नळी वरच्या रबरी बुशात गेलीय का ते टॉर्च लावून बघा; ती बाहेर राहिली तर पंप चांगला असूनही धार येणार नाही. शाफ्टच्या दातांना बाजूनं ग्रीस लावा, टोकावर लावू नका, नाहीतर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. आणि गिअरची दांडी काढताना ज्या गिअरमध्ये होती त्याच गिअरमध्ये जोडा.

गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर मध्ये हवा अडकते. ट्यूब काढण्याआधी वरचा स्क्रू बसवा, मग खालचा. दोन्ही वायसर नवीन.

कृष्णाकाठ
मोटर चालू झाली! २०० लिटरच्या पिंपात बुडवली, पंखा काढून ठेवला, पाणी पंख्याच्या जागेवरच्या आडव्या पट्टीच्याही वर भरलं. तिसऱ्या-चौथ्या ओढीला धरली. थोड्याच वेळात धार आली, करंगळीएवढी जाड, सलग. हेडला हात लावून बघितला, गरम पण हात ठेवता येतो. आई दारात उभी राहून बघत होती, तिनं पिंपाला हळदीकुंकू लावलं.

आता नदीत कधी घालू? दोन्हीकडे कॉम्प्रेशन ११५ च्या आसपास येतंय.

अथणीची_लेक
दादा, अभिनंदन! एक विनंती. पूर आल्यावर ८ एचपीवर मुख्य धारेत माणसं आणायला जाऊ नका. आपत्ती दलाच्या बोटींना कितीतरी मोठ्या मोटरी असतात त्या उगाच नाहीत. गल्लीत, रानात साचलेल्या संथ पाण्यात तुमची होडी सोन्यासारखी आहे, धारेत ती ओढली जाईल. पाण्यातल्या माणसाला होडीत घेताना मोटर बंदच करायची, नुसता गिअर काढून भागत नाही. आणि किल स्विचची (ओढली गेली की मोटर बंद करणारी) दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मोटर सुरू करायची दोरी ओढायची नाही.

कृष्णाकाठ
ताई, लक्षात ठेवतो. भावाला आणि पुतण्यालाही हे वाचून दाखवलं. किल स्विचची दोरी झिजलेली होती, ती आणि दोन लाइफ जॅकेटं मागवलीत.

जुना_फिटर
शाब्बास. कॉम्प्रेशन उत्तम आहे. नदी संथ आहे तोवरच घाला. पहिला तास अर्ध्याच्या वर थ्रॉटल नको आणि एकाच वेगावर धरून ठेवायचं नाही, कमी-जास्त करत राहायचं. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट परत तपासायला तुमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय का ते बघा. १० तास झाले की गिअरचं थोडं ऑइल खालच्या स्क्रूतून काचेच्या वाटीत काढा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरतंय, पंख्याच्या शाफ्टचा सील बघावा लागेल. तेव्हा इथं फोटो टाका. पुढच्या आठवड्यात मी चिकोडीला लेकीकडं येणार आहे, जमलं तर पिंपाजवळ टायमिंग एकदा दोघं मिळून बघू.